सगुणाच्या कबरीवरचा दगड

दगड सरकला होता. हातभर नाही, पण चार बोटं नक्की. एक कोपरा खाली गेलेला, दुसरा उचललेला, मधे फट. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी लोणावळ्याच्या कबरस्थानात उपासनेला जमली होती, तीस-पस्तीस माणसं, आणि ती कबर माझ्या बायकोची होती.

सगळ्यांत पुढं माझी मेहुणी मार्थाबाई. तिनं कंदील खाली धरला आणि म्हणाली, "धोंड लोटली. माझ्या बहिणीची धोंड देवानं लोटली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टर म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला तो दिवस. पहाटे बायका कबरीकडं गेल्या तर तोंडावरची धोंड बाजूला झालेली आणि आत कोणी नाही. म्हणून आम्ही पहाटे कबरस्थानातच जमतो. अशा दिवशी अशा जागी दगड सरकलेला दिसला तर माणसं काय म्हणणार? दोघी बायका गुडघे टेकून बसल्या. एक म्हातारा रडायला लागला.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत. रेल्वेच्या घाटातल्या मोऱ्या आणि भिंती बांधण्यात जन्म गेला. दगड का हलला ते मला बघून कळतं. इथं तर बघायचीही गरज नव्हती.

खणलेली जागा परत मातीनं भरली की तिला भराव म्हणतात. भराव लगेच बसत नाही. एक पावसाळा जावा लागतो. माती दबते, मग वर दगड. हे बिगाऱ्यालाही ठाऊक असतं. सगुणा माघात गेली आणि तीन आठवड्यांत मी तिच्यावर घडीव काळा दगड चढवला. घरात बसवत नव्हतं. हाताला काम पाहिजे होतं. अब्बासभाई माझा जोडीदार, वीस वर्षं आम्ही एकाच पहारीला हात लावला. तो तेव्हाच म्हणाला होता,

"मिस्त्री, पावसाळा जाऊ दे."

"तुला काय करायचंय? पहार धर."

"धरतो. पर भराव कच्चा हाय."

"बायको माझी हाय का तुझी?"

त्यावर त्यानं पहार धरली. वर मी काय केलं, तर उशाशी मोगरा लावला आणि रोज संध्याकाळी दोन घागरी पाणी घातलं. पाणी मारलं की भराव आणखी दबतो. कामावर आम्ही मुद्दाम मारतो. म्हणजे दगड मीच चढवला आणि मीच पाडला.

आता अडचण अशी होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मंडळीचे पंच बसणार होते. चर्चच्या दारापुढं दगडी कमान बांधायची होती आणि ते काम माझ्याकडं यायचं जवळजवळ ठरलं होतं. घाटात इतकं बांधलं, पण त्यावर साहेबाचं नाव. ही कमान माझी म्हणून उभी राहिली असती. सगुणानं तर सांगून ठेवलं होतं की खालून पहिली मी जाणार. पण ज्याला बायकोच्या कबरीवर दगड बसवता येत नाही, त्याच्या कमानीखालून कोण पोरंबाळं नेईल? तोंड उघडलं तर कमान गेली. गप्प बसलो तर चमत्कार.

पाद्रीसाहेब तरणे, पुण्याहून नवे आलेले. ते हळूच जवळ आले. "मिस्त्री, तुम्ही काय म्हणता?"

"उपासना सुरू करा, साहेब."

"लोक तुमच्या तोंडाकडं बघताहेत."

बघत होते खरे.

मी ख्रिस्ती का, हे मला लोकांनी लय वेळा विचारलंय. कामशेतच्या बाजारात एक दुकानदार दर वेळी म्हणायचा, तांदळासाठी बाटलास. बाप मिशनकडं कशासाठी गेला मला ठाऊक नाही. भुकेला असेल. मी त्याचं बोट धरून गेलो, त्यात माझं काही मोठेपण नाही. पटलं ते पुढं. सगुणा मिशनच्या शाळेत शिकलेली. संध्याकाळी चुलीपुढं शुभवर्तमान, म्हणजे चेल्यांनी सांगितलेली येशूची गोष्ट, वाचायची, मी ऐकायचो. गवंडी दगड घेताना आधी हातोडीनं वाजवतो. अखंड असला तर खणखणतो, आत चीर असली तर बद्द बोलतो. तसं मी ते वाजवून बघितलं. प्रभूचा मोठा चेला तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. बाकीचे पळतात. बायका पहिली खबर आणतात तर पुरुषांना ती बडबड वाटते. एकजण म्हणतो, त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय तो उठला हे मानणार नाही. आणि हे सगळं त्या चेल्यांनीच सांगून ठेवलंय. खोटं बोलणारा आपली चूक सांगत नाही. मी गवंड्यांत जन्म काढला. भिंत पडली की चुना वाईट, वाळू वाईट, मुकादम वाईट. ज्यांनी आपलीच लाज चारचौघांत सांगितली त्यांची पुढची गोष्ट मी खरी धरली. माझा विश्वास एवढ्यावर उभा आहे. शिकलेल्यांची कारणं वेगळी असतील.

खोटं कशाला सांगू, मलाही तो चमत्कार पाहिजे होता. मी वाकून फटीत बघितलं. माती होती.

उठून म्हणालो, "मंडळी, दगड देवानं लोटला न्हाई. मी चुकीचा बसवला. कच्च्या भरावावर."

मार्थाबाई म्हणाली, "दाजी, तोंड आवरा. सणाचा दिवस हाय."

"म्हणूनच बोलतोय."

"आन् देवानंच केलं असंल तर?"

"देव लोटंल तर सरळ लोटंल. ह्यो वाकडा गेलाय. हे माझंच काम."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग पाद्रीसाहेब, मग सगळेच. रडणारा म्हाताराही. सगुणा असती तर तिनंच सुरुवात केली असती. पाद्रीसाहेबांनी प्रवचन आवरतं घेतलं. "प्रभू उठला आहे," म्हणाले. "खरोखर उठला आहे," आम्ही म्हणालो. त्या दिवशी मी ते जरा मोठ्यानंच म्हणालो.

तरी दुपारपर्यंत बातमी कुरवंड्याला पोचलीच. दोघं जण डोंगरावरून बघायला आले. त्यांना भराव दाखवून, चहा पाजून परत पाठवलं.

सोमवारी कमान दुसऱ्या मिस्त्रीला गेली. पंचांच्या जागी मीही तेच केलं असतं. अब्बासभाई म्हणाला, "खरं बोलायला तुला सणच घावला व्हय?" मार्थाबाई दोन महिने बोलली नाही, म्हणजे मला जरा विसावाच मिळाला.

दिवाळीनंतर आम्ही दोघांनी दगड नीट लेव्हल लावून बसवला. अजून केसभर हललेला नाही. आणि एक झालं. कबरीची कामं सगळी माझ्याकडं येऊ लागली. लोक म्हणायचे, हा निदान चुकलं तर सांगतो. घरचं माणूस गेलं की प्रत्येकाला घाई असते. रडतात, रागावतात. मी कुणालाही लगेच दगड बसवून दिला नाही. नव्या भरावावर दगड घालू नये. खाली कोण आहे, ह्यानं मातीला काही फरक पडत नाही.