थोरल्या साडूंचा हळू चेंडू

फसवलं गेल्यावर ज्याला मिठी मारावीशी वाटते असा या जगात एकच माणूस आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. हे मी अनुभवाने सांगतो. गेल्या वीस-बावीस वर्षांत त्यांनी मला निदान हजार वेळा फसवलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी गुडघ्यांवर पडलो आहे. माझ्या गुडघ्यांची आजची अवस्था डॉक्टर वयाच्या खात्यात टाकतात. ती साडूंच्या खात्यात टाकायला हवी.

सुरुवात माझ्या पहिल्या दिवाळसणाला झाली. सासुरवाडी सोलापुरातच, त्यामुळे प्रवासाचा शीण नाही, नवा सदरा, ओवाळणी, पोटभर फराळ. नवा जावई म्हणून मी जरा ऐटीतच होतो. हात धुऊन टॉवेल शोधतोय तोच बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी टॉवेलऐवजी एक जाडजूड चामड्याचा ग्लोव्ह माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “चला पाव्हनं, मागं अंगणात बसा जरा.” मला वाटलं पानसुपारी असेल. अंगणात गेल्यावर कळलं की बसा म्हणजे उकिडवं बसा. समोर वीसेक पावलांवर जाऊन साडूंनी हात गरकन फिरवला आणि पांढरा चेंडू असा काही आला की ग्लोव्हमधला माझा तळहात दोन दिवस लाल राहिला. दुसऱ्यांदाही तोच हात, तोच गरका, चेहऱ्यावर तोच राग. मी जीव मुठीत धरून ग्लोव्ह झटकन मिटला. पण चेंडू आलाच नव्हता. तो अजून वाटेतच होता, सावकाश, देवदर्शनाला निघाल्यासारखा. ग्लोव्ह रिकामाच मिटला, तोल गेला, मी नव्या सदऱ्यानिशी मातीत, आणि चेंडू टुणकन माझ्या पाठीवर. साडू टाळ्या पिटत नाचत होते. “फसलात की, पाव्हनं!” त्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मला रागावताच आलं नाही. मीही मातीत बसून हसत सुटलो.

साडू मूळचे दुधनीचे. घरात कानडी, दारात मराठी. तरुणपणी ते सोलापुरात चादरींच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागले. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. शाळेत असताना खेळाच्या एका मास्तरांनी त्यांच्या हातात बेसबॉल दिला होता, तो त्यांनी आजतागायत खाली ठेवलेला नाही. सोलापुरात बेसबॉल म्हटलं की लोक विचारतात, “म्हंजी क्रिकेटच की?” या प्रश्नाने साडूंचं रक्त उसळतं. “क्रिकेटात चेंडू टप्पा खातो. जमिनीवर ढकलता येतं. हितं टप्पा न्हाय. फेकनारा आन् मारनारा, मधी नुसती हवा,” असं ते उभ्या रस्त्यात, भाजीची पिशवी हलवत समजावतात. विचारणारा बिचारा फक्त पत्ता विचारायला थांबलेला असतो.

त्यांच्या आयुष्याचा सारा कायदा एका वाक्यात मावतो: एकच गोष्ट लागोपाठ तीनदा करायची न्हाय. फलंदाजाला दोन वेगवान चेंडू दाखवले की तिसरा हळू, पण हात तोच. इंग्रजीत त्याला चेंजअप म्हणतात, साडू त्याला “एरडु” म्हणतात. एरडु म्हणजे कानडीत दोन. वेगवान तो ओंदु, म्हणजे एक. वळणारा तो मूरु, म्हणजे तीन. हा कायदा त्यांनी मैदानापुरता ठेवला असता तर आमची काही तक्रार नव्हती. पण ते जेवायला बसले की कडक भाकरीचे दोन घास शेंगाचटणीशी खातात आणि तिसरा नुसत्या दह्याशी. का, तर “जिभेला वळख पडू द्याची न्हाय.” आमच्या घरी दोन दिवस सकाळी सातला येतील, तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला, आणि तेही मागच्या दाराने. एकदा माझी बायको डोक्याला तेल थापून, पदर खोचून माळ्यावर चढलेली असताना खालून एकाएकी “चहा ठेवा” असा आवाज आला. ती शिडीवरून पडता पडता वाचली. “दाजी, माणसानं पुढच्या दारानं यावं की!” ती ओरडली. “काल त्याच दारानं आलतो,” साडू शांतपणे म्हणाले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या मुलीच्या शाळेतल्या मुलींचा संघ शिकवायला घेतला. कुणी बोलावलं नव्हतं. आधी कुंपणाबाहेर उभे राहून सूचना द्यायचे, मग कुंपणाच्या आत, आणि महिन्याभरात शाळेनेच त्यांच्या गळ्यात शिट्टी घातली. पाच वर्षांनी आमची मुलगी नववीत गेली तेव्हा ती त्या संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी होती, आणि तिच्या हातात खरोखरच आग होती. पण तिला फक्त ओंदु टाकायचा असे. हळू चेंडूचं नाव काढलं की नाक मुरडायची. “काका, हळू टाकायला लाज वाटते. लोकांना वाटेल दमले.” त्यावर दुसरा कुणी प्रशिक्षक चिडला असता. साडूंनी तिला स्कूटरवर घातलं आणि ओळखीच्या एका मागाच्या शेडमध्ये नेलं. मीही मागोमाग गेलो, कारण साडूंच्या मागे कुणीतरी मोठं माणूस असलेलं बरं असतं. आत पंधरा-वीस माग खडाखडा चालले होते, कानाला दडे बसत होते, आणि त्या गदारोळात एक जॉबर भिंतीला टेकून घोरत होता. साडूंनी गुपचूप एका मागाचा वेग थोडा कमी केला. जॉबर ताडकन उठला, डोळे न उघडताच बरोबर त्या मागाकडे धावला, आणि आम्हाला बघून तोंडात आलेले दोन शब्द गिळले.

“बगितलं?” साडू तिच्या कानात ओरडले. “आवाजानं मानूस झोपतंय. चाल बदलली की जागं होतंय. तुज्या ओंदुला समदी झोपल्यात. तू नुसती जोरात टाकतीस आन् त्या झोपंतच मारत्यात.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात मुलीचा तीन बोटांवर, तळहातात खोल धरलेला चेंडू सुरू झाला. पकड नुसती सैल, हात मात्र पुऱ्या जोराने फिरवायचा. ते जमायला तिला अख्खा हिवाळा लागला. मी उकिडवा बसलेलो असायचो. बाप म्हणून अभिमान वाटायचा आणि गुडघे म्हणून काही वेगळंच वाटायचं.

आता अकलूजबद्दल सांगायला हवं. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात साडूंचा संघ दरवर्षी पोहोचायचा आणि दरवर्षी अकलूजकडच्या एका संघाकडून हरायचा. पाच वर्षं हेच. लागोपाठ तीनदा एकच गोष्ट न करणाऱ्या माणसाला लागोपाठ पाचदा हरताना बघणं फार वाईट होतं. त्या वर्षी त्यांनी घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, “औंदा न्हाय जिकलो तर शिट्टी शाळंला परत. पोरींचं नुसकान करतुय मी.” चेष्टेत बोलत नव्हते. त्या आठवड्यात दह्याचा घासही विसरत होते.

त्यांच्या मते सगळा पराभव खुणांमुळे होत होता. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी कॅचर कुठला चेंडू टाकायचा ते बोटांनी दाखवते, त्या खुणा अकलूजच्या मुली चोरतात, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून त्यांनी खुणा बंद करून बाकावरून सरळ ओरडायचं ठरवलं, कानडीत. आमच्या मुलींना तीन आकडे पाठ करवले. “तिकडं उसाचा मुलूख. कानडी कुनाला येतंय?” एवढा आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

आणि खरंच, सामना शेवटच्या डावापर्यंत छान चालला. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचे दोन गडी बाद झालेले, पण दोन मुली तळांवर टपून उभ्या. एक फटका बसला की दोघींच्या दोन धावा, सामना त्यांचा, आणि साडूंची शिट्टी शाळेच्या कपाटात. फलंदाजीला एक उंच, शिडशिडीत मुलगी आली. दिवसभर तीच आमच्या मुलीला सुखाने झोडत होती. “ओंदु!” साडू गरजले. चेंडू सणसणत गेला, तिची बॅट हवेत. पहिला स्ट्राइक, असे तीन झाले की बाद. “ओंदु!” पुन्हा तोच. या वेळी चेंडू बॅटची कड घेऊन खाली, थेट तिच्याच पावलावर आदळला. फाऊल, म्हणजे दुसरा स्ट्राइक. ती पाय धरून एका पायावर नाचत ओरडली, “अय्यो, अव्वा!”

साडूंचं मन लोण्याचं आहे. ते बाकावरून उठले आणि काळजीने विचारते झाले, “पेट्टायितेनु?” म्हणजे, लागलं का गं?

“इल्ल, इल्ल,” मुलगी म्हणाली. नाही, नाही.

“हां,” म्हणून साडू समाधानाने खाली बसले. माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कॅचरकडे बघितलं. कॅचरने कपाळाला हात लावला. अख्ख्या मैदानाला कळलं होतं की त्या मुलीला कानडी येतं, ती सकाळपासून प्रत्येक आकडा ऐकते आहे. फक्त तिच्याशी कानडीत बोललेल्या माणसाच्या ते डोक्यात शिरलं नव्हतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि त्यांच्या कायद्याप्रमाणे, दोन वेगवान झाल्यावर, तिसऱ्या चेंडूचा आकडा सांगितला.

“एरडु!”

त्या मुलीने खांदे सैल सोडले, वजन मागच्या पायावर घेतलं आणि आरामात वाट बघत उभी राहिली. आमच्या मुलीने बाकाकडे बघितलं, अगदी आज्ञाधारकपणे मान डोलावली, ठीक आहे काका. हात फिरला. तोच हात, तोच गरका. आणि निघाला तो ओंदु, तिच्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान. अकलूजची मुलगी अजून हळू चेंडूची वाट बघत होती तोवर कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फटाका वाजला. तिसरा स्ट्राइक, तिसरा गडी बाद, सामना आमचा.

सगळ्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. साडू मात्र बाकावरच. आमची मुलगी धावत त्यांच्याकडे गेली. “मी एरडु म्हनलो हुतो न्हवं?” ते म्हणाले.

“व्हय काका. पण तिलाबी ऐकू आलं की.”

साडूंनी एकदा तिच्याकडे, एकदा त्या उंच मुलीकडे बघितलं. मग उठून त्या उंच मुलीपाशी गेले, तिच्या पायाची चौकशी केली, गाव विचारलं. वडील साखर कारखान्यात नोकरीला म्हणून अकलूजला, आणि आजोळ कुठलं, तर दुधनी! तिथे दहा मिनिटं गप्पा रंगल्या. शेवटी बक्षीस घ्यायला त्यांना हाताला धरून आणावं लागलं. पुढच्या सामन्यापासून त्यांनी आकडे सांगणं बंद केलं. हात मांडीखाली दाबून बसायचे, म्हणजे चुकूनही खूण जायला नको. मी विचारलं तर म्हणाले, “आता आपल्या पोरीला कळतंय. मी बोललो की फकस्त दुसऱ्यांना कळतंय.” हे सांगताना ते हसत होते, पण मला त्या दिवशी त्यांच्याकडे नीट बघवलं नाही.

मुलगी आता पुण्याला कॉलेजात आहे, तिथल्या संघात खेळते. साडूंनी शिट्टी एका तरुण बाईंना दिली. रविवारी सकाळी ते आमच्याकडे येतात, कधी पुढच्या दाराने, कधी मागच्या, आणि आम्ही दोघे अंगणात चेंडू खेळतो. मी आता उकिडवा बसत नाही, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतो. त्यांचा उजवा खांदा धरलेला आहे.

गेल्या रविवारी त्यांनी हात गरकन फिरवला. चेंडू सावकाश येताना दिसला. मला त्यांना खूश करायचं होतं, म्हणून मी मुद्दाम पहिल्या दिवाळीसारखा ग्लोव्ह आधीच मिटला आणि स्टुलावरून घसरलो. “फसलात की” ऐकायची वाट बघत मातीत बसून राहिलो. आवाज आला नाही. वर बघितलं तर साडू खांदा चोळत उभे होते.

“पाव्हनं,” ते हळूच म्हणाले, “ओंदु होता त्यो.”

मी चेंडू उचलून परत टाकला, स्टूल सरळ केलं, ग्लोव्ह झटकला. साडूंनी चेंडू दोन्ही हातांत फिरवून बघितला. मग त्यांनी तो डाव्या हातात घेतला, उजवा हात गरकन फिरवला, अगदी पूर्वीच्या रागाने, आणि मी त्या हाताकडे बघत असताना डाव्या हाताने फेकून दिला. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला आणि मागे दोरीवर वाळत घातलेल्या चादरीत धप्पकन आदळून खाली पडला. माझा ग्लोव्ह भलतीकडेच उघडा होता.

“फसलात की, पाव्हनं!” साडू डाव्या हाताने मांडीवर थाप मारत ओरडले.

“फसलो, अण्णा,” मी म्हणालो. या वेळी खरंच फसलो होतो.