सीनेतून निघालेली जीप

ईरप्पाचा धाकटा भाऊ धोंडप्पा साप चावून गेला. पण ईरप्पाला कुणी विचारलं तर तो तसं सांगायचा नाही. "चिखलात गेला," एवढंच म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. केरवडगीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट सगळी काळ्या रानातली. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात तीच माती चाकाला अशी लपेटायची की चाक फिरायचंच थांबायचं. धोंडप्पाला घातलेली बैलगाडी सडक दिसायला लागली तिथंच आसापर्यंत रुतली. बैलांनी बसकण मारली. सोलापूरची एस.टी. समोरून निघून गेलेली सगळ्यांनी बघितली, आणि धोंडप्पानं त्यांच्यादेखत मान टाकली.

त्या दिवशी ईरप्पा मंगळवेढ्याला होता. एका रस्त्याच्या कंत्राटदाराची जीप तो चालवायचा. दुष्काळी कामं निघाली तेव्हा बांधांवरून, नाल्यांतून, खडीच्या ढिगांवरून त्यानं ती फिरवली होती. बैल थांबतो तिथून पुढं जीप जाते, हे सगळ्या गावात एकट्या त्यालाच ठाऊक होतं, आणि त्याचाच भाऊ बैलगाडीत गेला. दिवसकार्य उरकल्यावर त्यानं कंत्राटदाराच्या किल्ल्या परत केल्या, बैल विकले आणि बायकोला म्हणाला, "सोलापूरला जाऊ. जीप बघायची हाय."

"आन् रान कशानं नांगरायचं?" कमलम्मानं विचारलं.

"सावडीनं करू. दुसऱ्याचे बैल मागू."

कमलम्मा वाटेची भाकरी बांधायला उठली. नवऱ्याचा आवाज कसा झालाय हे तिला कळत होतं.

चौऱ्याहत्तर साल. पेट्रोल भडकलं होतं. हौसेनं जिपा घेतलेले बागायतदार त्या मिळेल त्याच्या गळ्यात घालायला निघाले होते. विजापूर वेशीपलीकडं कासीमचं आवार होतं, तिथं असल्या गाड्या येऊन पडायच्या. कासीम आणि ईरप्पाची ओळख जुनी, कंत्राटदाराच्या जिपेचे सुटे भाग इथूनच जायचे.

आवारात दोन जिपा होत्या. एकीचा टप फाटलेला, दारांना पत्र्याची ठिगळं, चालू केली की मागनं निळा धूर. दुसरी हिरवीगार, नव्या रंगाची. चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू.

ईरप्पानं आधी म्हातारी बघितली. खाली आडवा होऊन त्यानं हात फिरवला आणि तसाच बाहेर आला. "पुढचा शाफ्ट कुटं हाय हिचा?"

"काढून ठेवला मालकानं. पेट्रोल कमी खाती म्हणून," कासीम म्हणाला. "पडलाय मागं. बसवून देतो की."

"बसवून काय उपयोग? आतले दातेच गेल्यात." ईरप्पानं पुढच्या चाकांचा दांडा ओढून दाखवला. आतून हाडं दळल्यासारखा आवाज आला. जीप म्हणायची, पण ओढ दोनच चाकांची. काळ्या रानात दोन चाकांची जीप आणि बैलगाडी यात फरक एवढाच की जिपेला वैरण लागत नाही.

मग तो हिरवीकडं वळला. तिचं सगळं जागच्या जागी होतं. चारी चाकं ओढत होती, लो गिअर लोण्यासारखा पडत होता. एवढी धड गाडी या आवारात का, हेच त्याला खटकलं. त्यानं पान्यानं पुढचा दिवा खोलला. दिव्यामागच्या वाटीत बोटभर गाळ वाळून बसला होता. बारीक, करडा, नदीचा गाळ. त्यानं नखानं उकरला तर आतून एक पांढरा शंख निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

शंख तळहातावर घेऊन तो कासीमकडं बघत राहिला.

कासीमनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "देखो ईरप्पा, तुमकू झूट नै बोलता. सीनेच्या पुरात गेलती. माढ्याकडच्या एका बागायतदाराची. पाणी उतरल्यावर वाळूत सापडली, उलटी."

"माणसं?"

"माणसं व्हती की आत. सगळी सापडली न्हाईत."

कमलम्मा मागं उभी होती. तिनं नवऱ्याची बाही धरली. "ब्याड," ती म्हणाली. नको, हे तिला मराठीत म्हणायचं सुचलं नाही. "अवो, ब्याड. दुसरी बघू. न्हाईतर बैलच घिऊ परत."

"माणसं पाण्यानं गेली. गाडीनं न्हाई."

"पाण्यात कोण घिऊन गेलं मग त्यास्नी?"

ईरप्पानं कासीमकडनं किल्ली घेतली. त्यानं जीप बाहेर काढली. होटगीच्या वाटेवर नुकत्याच झालेल्या पावसानं लोणी झालेलं एक रान होतं, त्यात घातली. चिखल चाकांच्या वर आला, जीप हळूहळू, न कुरकुरता पार झाली. पलीकडं तळ्याच्या काठाला पाणी होतं. त्यातूनही नेली. पाणी पायाशी आलं तरी इंजिनाचा सूर बदलला नाही. मात्र बाहेर आल्यावर त्यानं ब्रेक दाबला तर तो धरेचना. ओली चाकं बरंच अंतर तशीच घरंगळत राहिली आणि मग कुठं ब्रेक धरला.

परत येताना त्यानं जीप मुद्दाम हळू चालवली. गाडी चांगली होती, आणि त्याला भीती वाटली ती त्या चांगलेपणाचीच. हिच्यात बसलेल्या माणसाला वाटणारच की आपण कुठूनही जाऊ. सीनेच्या काठावर त्या बागायतदारालाही असंच वाटलं असेल. वाईट गाडी काठावरच बंद पडते. ही बंद पडणारी नव्हती.

तरी त्यानं तीच घेतली. दुसरी कुठली त्याच्या रानातून निघाली असती? कासीमच्याच आवारात राहून त्यानं तिचं तेल बदललं, बेअरिंगं बदलली, वायरी नव्या घातल्या. जिथून जिथून गाळ निघाला तिथून तो काढला. कमलम्मा तोवर बहिणीकडं जाऊन राहिली. केरवडगीला येताना ती मागच्या बाकावर बसली आणि वाटभर जिपेच्या कशालाही तिनं हात लावला नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. तापानं फणफणलेली, विहिरीत पडून हाड मोडलेली, विंचू चावलेली माणसं ईरप्पानं सोलापूरला नेली. आसपासच्या वाड्यांतूनही बोलावणी यायची. बरी होऊन आलेली माणसं एस.टी.नं येऊन सडकेवर उतरायची आणि चालत घरी जायची. जी बरी झाली नाहीत ती मात्र ईरप्पाच्या जिपेतूनच परत यायची, चादरीखाली. गावानं बघितलं ते एवढंच. त्यात कुणीतरी सोलापूरच्या बाजारात जाऊन सीनेची गोष्ट ऐकून आलं. मग गाडीला नाव पडलं, रेडा. यम ज्याच्यावर बसून येतो तो.

"रेडा निघाला," लोक हळूच म्हणायचे. इंजिनाचा आवाज आला की अंगणात खेळणारी पोरं आत ओढली जायची. शेजारच्या म्हाळसाबाईनं तर तोंडावर सांगितलं, "ईरप्पा, तुजं वाईट चिंतत न्हाई मी. पर माज्या दारासमोर हुबी करू नगंस."

ईरप्पा जीप गावाबाहेर, चिंचेखाली उभी करू लागला. त्याला दुःख झालं ते नावाचं नव्हे. लोक आता उशिरा बोलवायला लागले होते. आधी देवऋषी, मग काढा, मग वाट बघणं, आणि सगळं हातचं गेल्यावर रेडा. उशिरा नेलेलं माणूस वाटेत जायचं, आणि नाव आणखी पक्कं व्हायचं.

पुढच्या वर्षी भाद्रपदात सोमलिंगाच्या घरून बोलावणं आलं. सोमलिंगाची सून सावित्रम्मा बाळंतपणात अडली होती. कालपासून. तिचा नवरा शिवपुत्र पळत चिंचेपाशी आला.

"काल का न्हाई आलास?" ईरप्पानं विचारलं. शिवपुत्रानं जिपेकडं बघितलं आणि मान खाली घातली.

सावित्रम्माला मागं आडवं घातलं. सासू, सुंदरम्मा, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शिवपुत्र पुढं. चिखलातून जीप निघाली ती थेट सडकेच्या वाटेवरच्या काळ्या ओढ्यावर येऊन थांबली. ओढ्यावर पूल नव्हता, दगडाची बुटकी फरशी होती, आणि वर कुठंतरी झालेल्या पावसाचं पाणी तिच्यावरून चाललं होतं. फरशीच्या कडेचे दगडी खांब अर्धे बुडाले होते. आवाज फारसा नव्हता. तांबूस पाणी गुळगुळीत, जाड, एका वेगानं जात होतं.

"घाला की आत," शिवपुत्र म्हणाला.

ईरप्पानं पुढचा दांडा ओढला, लो गिअर टाकला आणि जीप पाण्यात घातली. इंजिन शांत होतं. पाणी पायरीला लागलं. मागून सावित्रम्माचं कण्हणं येत होतं. आणि मग त्याला बुडाखाली काहीतरी जाणवलं. जीप पुढं जात होती, पण थोडी तिरकीही. मागची चाकं फरशीवरून उचलल्यासारखी झाली होती, बोटानं ढकलावं तशी गाडी कडेकडं सरकली. इंजिनाचा सूर तसूभरही बदलला नव्हता. जिपेला काही कळलेलंच नव्हतं.

त्यानं जीप मागं घेतली.

"काय करता?" शिवपुत्र ओरडला. "चालली व्हती की! चालली व्हती!"

"तरंगत व्हती."

"चारी चाकं हायत म्हणून सांगत फिरता गावभर!"

"चाकं जमिनीला लागली तर चार. न्हाईतर एक बी न्हाई." ईरप्पानं किल्ली काढून मुठीत धरली. "पाणी उतरू दे. उतरंल."

"आन् हिचं काय?"

शिवपुत्रानं ईरप्पाच्या सदऱ्याला धरलं, हिसका दिला, शिव्या दिल्या, मग पाया पडला. ईरप्पा बॉनेटला टेकून उभा राहिला. समोरून एक बाभळीचं झाड मुळांसकट वाहत आलं, फरशीवर क्षणभर अडलं आणि अंग वळवून पलीकडं गेलं. सुंदरम्मानं दोन्ही बाजूंना लुगड्याचा आडोसा धरला. मूल तिथंच झालं, जिपेत. रडलं नाही. सुंदरम्मानं त्याला पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. मग ती थांबली आणि त्याला पदरात गुंडाळून घेतलं.

सावित्रम्माचं रक्त थांबत नव्हतं. दुपार कलली तसं पाणी ओसरलं. फरशी दिसायला लागली, तशी ईरप्पानं जीप घातली आणि पार केली. पलीकडं ब्रेक धरत नव्हता, तरी त्यानं वेग कमी केला नाही. सोलापूरच्या दवाखान्यात सावित्रम्मा वाचली.

गावात दोन बोलणी झाली. काही म्हणाले, आत घातली असती तर पोटातल्या पोरासकट पाची जण गेले असते. काही म्हणाले, रेड्यानं काठावर बसून पोर खाल्लं. सोमलिंगाच्या घरचं कुणी ईरप्पाशी बोलेना. कमलम्मा एकदाच म्हणाली, "मूल आदीच गेलं असंल पोटात." तिला ते खरं वाटत होतं का, हे त्यानं विचारलं नाही. त्याला स्वतःलाही कळत नव्हतं. आणखी थोडा पुढं गेलो असतो तर चाकांनी जमीन धरली असती का? रोज जेवताना, रोज जिपेचा टप झाडताना तो तिथंच येऊन अडकायचा.

उन्हाळ्यात तो चुना आणि बादली घेऊन ओढ्यावर गेला. फरशीच्या खांबावर त्यानं पांढरी रेघ ओढली. पाणी रेघेखाली असेल तर जायचं, वर असेल तर नाही. म्हणजे मग कुणी पाया पडलं तरी विचार करायला नको.

मृग लागला आणि पहिल्या मोठ्या पाण्यानंतर तो ओढ्यावर गेला तेव्हा रेघ दिसली, पण जागा बदललेली. हातभर वर. खालची खरवडून काढली होती, दगडावर पत्र्याचे ओरखडे होते. नवी रेघ निळसर होती, घराच्या भिंतीला देतात त्या रंगाची. ईरप्पा तिच्याकडं बघत राहिला. घाईत, कुणाचा जीव मागं कण्हत असताना तो आला असता तर त्यानं ही रेघ आपलीच समजली असती, आणि जीप आत घातली असती.

त्यानं गावात विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात सावित्रम्मा आली. चिंचेखाली, एकटी. वर्षभरात ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर उभी राहिली होती. तिनं जिपेच्या मागच्या बाकाकडं बघितलं, आणि नजर काढून घेतली.

"मामा, त्यो रंग आमच्या घरचा हाय," ती म्हणाली.

"शिवपुत्रानं केलं?"

"व्हय. तुमचं वाईट व्हावं म्हणून न्हाई. त्यास्नी वाटतं तेवढ्या पाण्यातनं गाडी जाती. त्यास्नी तसं वाटाया पायजे, मामा. न्हाईतर आदल्या दिशी तुमाला का बोलिवलं न्हाई, ह्येच डोक्यात ऱ्हाईल."

"आन् तुला काय वाटतं?"

"मला फकस्त पाण्याचा आवाज आटवतो," ती म्हणाली आणि गेली.

ईरप्पानं वरची रेघ पुसली नाही. त्याखाली, जुन्या जागी, पुन्हा चुन्यानं आपली ओढली. त्या पावसाळ्यात पाणी कितीदा तरी त्या दोन रेघांच्या मध्ये आलं. ईरप्पा दरवेळी काठावर थांबला, किल्ली काढली आणि मुठीत धरून उभा राहिला. मागं बसलेली माणसं वरच्या रेघेकडं बघत राहायची.