काळ्या जिभेचे दिवस

पोटातली जळजळ मी वर्षभर चहाच्या माथी मारली. मग कॉलेजच्या कँटीनमधल्या मिसळीच्या, मग पेपर तपासण्याच्या. कर्वेनगरला मी अकाउंट्स शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांच्या पर्समध्ये ॲसिडिटीच्या गोळ्या असतात, त्यामुळे आपल्याला काही वेगळं झालंय असं वाटायचं कारणच नव्हतं. शंका आली ती ढेकरांमुळे. नासक्या अंड्याच्या वासाचे ढेकर. फळ्याकडे तोंड करून ते गिळायची मला सवय लागली होती. मग एका दुपारी स्टाफरूमच्या बेसिनमध्ये सकाळचे पोहे मोहरीसकट जसेच्या तसे बाहेर आले. हात धुवायला आलेल्या बाई ओले हात तसेच घेऊन मागे सरकल्या. त्यांची चूक नव्हती. मीही सरकले असते.

सिंहगड रोडवरच्या पोटविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीची तपासणी सांगितली. घशात कडू फवारा मारला, कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली आणि नळी आत सारली. आपल्याच घशातून सापासारखं काहीतरी खाली जातंय आणि आपली लाळ गालावरून कानापर्यंत ओघळतेय, हे मला सगळं समजत होतं. पुसायला हात उचलला तर सिस्टरने तो धरून खाली ठेवला.

नळीतूनच काढलेला पोटाच्या अस्तराचा तुकडा तपासून आला. सूज होती आणि जंतू होते.

"अहो, पण पोटात ॲसिड असतं ना? त्यात जंतू कसे जगतात?" मी विचारलं.

"छान जगतात," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेक लहानपणापासून राहत असतील. घरातल्या घरातच पसरतात. उष्ट्यातून, न धुतलेल्या हातांतून, खराब पाण्यातून."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या पोटात..."

"हो. भाडं न देता."

मग त्यांनी औषधं समजावली. चार प्रकारच्या गोळ्या, दोन आठवडे, एकही न चुकवता. त्यातली एक दुधाबरोबर घ्यायची नाही. "तोंडाला गंजलेल्या लोखंडासारखी चव येईल. जीभ काळी पडेल, शौचालाही काळी होईल. घाबरून मला फोन करायचा नाही. आणि कंटाळा आला म्हणून मध्येच सोडायचं नाही. अर्धवट मारलेले जंतू औषधाला सरावतात, मग मला दुसरं औषध शोधावं लागतं."

माझं सासर मूळचं धायरीतलं. शेत होतं तिथे आता बिल्डिंग आहे आणि त्याच बिल्डिंगमध्ये आम्ही राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. घरी येऊन मी रिपोर्टबद्दल सांगितलं तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या.

"जंतू म्हंजी? किडं?"

"किडे नाहीत हो आई. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक."

"दिसत न्हाईत म्हंजी जास्तच वंगाळ," त्या म्हणाल्या. संध्याकाळी माझं ताट, वाटी, भांडं वेगळ्या फळीवर गेलं.  नवऱ्याने माझा टूथब्रश बेसिनवरच्या पेल्यातून उचलून बाथरूमच्या खिडकीत नेऊन ठेवला.

मला राग आला, पण रागापेक्षा मोठी होती ती किळस. औषध सुरू झालं आणि तोंडात जुना नळ चोखल्यासारखी चव बसली. पाणीसुद्धा त्याच चवीचं. आरशात जीभ बघितली की तव्याच्या बुडासारखी काळी, वर केसाळ लव आल्यासारखी. ती खरवडून खरवडून मला उमासे यायचे. आणि आता घरातलं सगळं मला नको इतकं स्पष्ट दिसायला लागलं. सासूबाई आमटीची पळी तोंडाला लावून चव बघायच्या आणि तीच पळी परत पातेल्यात घालायच्या. लग्न झाल्यापासून मी ती आमटी वाट्या वाट्या प्यायले होते. आता ती पळी पातेल्यात परत गेली की मी मान फिरवायची. त्या माझ्या भांड्याला हात लावायच्या नाहीत, आणि मी त्यांची आमटी घ्यायची नाही. एकमेकींची किळस करत आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो.

एका सकाळी त्या मेथी निवडत बसल्या होत्या. माझं उतरलेलं तोंड बघून म्हणाल्या, "आता काय झालं?"

त्यांना ओकारी यावी म्हणूनच मी मुद्दाम सांगितलं, "काय होणार? डांबरासारखी काळी होतेय शौचाला. गोळ्यांमुळे."

त्यांनी मेथीची काडी मोडली. "त्यात काय एवढं? माझी तर दिवाळीपासनं तशीच हाय."

"तशीच म्हणजे?"

"काळी. चिकाट. पानी वतलं तरी सुटत न्हाई. आन् वास तर असला, की मी आत उदबत्ती लावून येते."

संडासात उदबत्ती का जळते, असा प्रश्न मला पडला होता. देवभोळेपणा म्हणून मी तो सोडून दिला होता.

"आई, तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?"

"गुडघ्याच्या. मेडिकलवाला देतो त्या."

"जेवून?"

"सकाळी उठल्या उठल्या. त्याबिगर पाय उचलत न्हाई."

मी जवळ जाऊन त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायला गेले. "आदी हात धू," त्या म्हणाल्या. हात धुऊन आले आणि बघितलं. आत लाली नव्हतीच, नुसतं पांढरं. जिना चढताना त्या मध्येच थांबायच्या, ते आम्ही वयावर ढकललं होतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्यासारखं औषध घेतात का त्या? नाही? लोहाच्या गोळ्या? त्याही नाही? मग फोनवर काय बोलताय? घेऊन या. आत्ताच."

पोटात जखम होती आणि ती झिरपत होती. आतलं रक्त पचून काळं होऊन बाहेर पडत होतं. जंतू तर होतेच. उपाशीपोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी त्यांना मदत केली होती. दुर्बिणीतूनच जखम बंद केली, रक्त चढवलं. वॉर्डात पहिल्यांदा बेडपॅन द्यायची वेळ आली तेव्हा नवरा औषध आणायच्या निमित्ताने बाहेर गेला. वॉर्डातली आयामावशी दुसऱ्या पेशंटकडे होती. मीच धरलं. काळा, चकचकीत चिखल आणि त्याला शिळ्या रक्ताचा, लोखंडी, गोडसर वास. नाकाने श्वास घेववेना म्हणून तोंडाने घेतला, तर तोंडात गोळ्यांचा गंज. भरून आलेली उलटी मी गिळली.

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. "तुला किळस येत आसंल."

"येतेय."

"मलाबी आली असती," त्या म्हणाल्या. मग चादर ओढून घेत म्हणाल्या, "झाक त्ये लवकर."

घरी आल्यावर त्यांचा कोर्स सुरू झाला. माझा तोवर संपला होता. गुडघ्याच्या गोळ्या बंद. पहिल्या दोन दिवसांतच त्यांनी गोळी थुंकून बेसिनमध्ये टाकली. "त्वांड माझं ऱ्हायलंच न्हाई. कुणी खिळं चारल्यागत वाटतंय."

"मी घेतल्या तशाच आहेत. गिळा."

"तू जवान हायेस."

"आणि तुमच्या पोटाला भोक पडलं होतं. गिळा."

रोज समोर बसून मी गोळी गिळवायची, मग जीभ बाहेर काढायला लावून खात्री करायची. काळी, सुजलेली, दातांच्या खुणा उमटलेली जीभ. त्यांनाही लाज वाटायची, मलाही बघवायचं नाही. तरी आम्ही दोघींनी ते पूर्ण केलं.

जंतू गेले की नाही हे लगेच कळत नाही. कोर्स संपल्यावर महिनाभर थांबायचं, ॲसिडच्या गोळ्याही आधी बंद करायच्या, मग शौचाचा नमुना द्यायचा. माझा स्वच्छ आला. त्यांच्या वेळी त्या डबी हातात घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. पिशवीत पिशवी, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर रबर.

"लॅबमधी पोरगा बसतो का पोरगी?"

"पोरगी."

"मग ने."

पर्समध्ये ठेवायचं धाडस होईना, म्हणून स्कूटरच्या हुकाला पिशवी लटकवली. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ती माझ्या गुडघ्यावर आपटत राहिली, आणि प्रत्येक आपटण्याला माझ्या अंगावर काटा आला.

रिपोर्ट मोबाइलवर आला. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"मेलं का सगळं?"

"मेले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याचा शर्ट झटकून दोरीवर टाकला.