पितळी पट्टीचा वाकस

निवृत्तीनंतर बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील पुसट होत गेले. आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळतात, साल आठवत नाही. पण वैरागच्या बाजूची ती बाई ठाण्यात आली तो दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

सोलापूर ग्रामीणमधलं ते माझं शेवटचं ठाणं. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. व्हरांड्यातल्या बाकावर साठी ओलांडलेली एक बाई बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात काळी पोत, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कसली तरी वस्तू. सोबत तिचा पुतण्या. मी खुर्चीत बसायच्या आतच ती दारात उभी राहिली.

"साहेब, माझ्या मालकाचं हत्यार गावलंय," ती म्हणाली. "आता मालक कुटं हायत, ते तुमी सांगा."

पुतण्याने मोबाइल पुढे केला. गावाकडच्या एका ग्रुपवर फिरत आलेला फोटो होता. सुतार लाकूड तासायला वापरतात तो जुना वाकस. लोखंडी पात्याखाली दांड्याला पितळेची पट्टी आवळलेली, आणि पट्टीवर कोरलेली अक्षरं: 'मामाकडू'. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'वडिलांची आठवण. अक्षरांचा अर्थ कुणाला लागतो का?'

बाईने फडकं सोडलं. आत फुटका पितळी तांब्या होता, लग्नात मामाने नाव घालून दिलेला. पोटावर तिचं नाव, मग एक चौकोनी भोक, आणि भोकापुढे 'न भेट'.

"दांडा चिरला हुता," ती म्हणाली. "तांब्या फुटकाच हुता, म्हनून त्येंनी त्यातनंच पट्टी कापली. मी भांडले बी हुते. म्हनले, मामाचं नाव कशापायी कापता?"

तिचा नवरा सुतार होता. चाळीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या गावी कामाला गेला, तो परतला नाही. काही दिवसांतच बातमी पसरली, की मोडनिंबला हायवेवर तो एका बाईबरोबर ट्रकमध्ये चढताना दिसला. ती तेव्हा ठाण्यात गेली होती. "तवाचे फौजदार म्हनले, बाई, नवरा पळालाय, घरी जा. मंग गेले घरी." मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले, तर ही गेली नाही. दुसऱ्यांच्या शेतात खुरपून दिवस काढले. लग्नात, बारशात तिला पुढे बसवत नसत. नवरा टिकवता आला नाही म्हणून पाठीमागे बोललं जायचं, कधी तोंडावरही.

तिचा जबाब घेतला, पंचांसमक्ष तांब्या ताब्यात घेतला आणि फोटो टाकणाऱ्या व्यक्तीचा पत्ता काढायला सांगितलं. ती निघाली सोलापुरात शाळेत शिकवणारी एक बाई. मी एका महिला अंमलदाराला घेऊन साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. बैठकीच्या भिंतीवर, दिव्याच्या खाली, वाकस टांगलेला होता. लोखंड तेल लावून चकचकीत केलेलं.

वडील वर्षापूर्वी वारले होते. भावांनी शेत वाटून घेतलं, हिने फक्त ही वस्तू मागितली होती.

"वडील सुतारकाम करायचे?" मी विचारलं.

"कधीच नाही. शेतकरी होते. पण दसऱ्याला याची पूजा करायचे. एरवी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पट्टी काजळीने काळी झाली होती. मी चिंच-मीठ लावून घासली, तेव्हा अक्षरं दिसली."

मी आल्याचं कारण सांगितलं.

"यातून वाईटच निघणार ना, साहेब?"

"आत्ताच सांगता येत नाही."

तिने स्वतः स्टुलावर चढून वाकस काढून दिला. पंचनाम्यावर सही करताना म्हणाली, "जे निघेल ते मला तुमच्याकडून कळू दे. भावांकडून नको."

ठाण्यात पट्टी दांड्यावरून सोडवून तांब्याच्या भोकावर धरली. कापलेल्या कडा वेड्यावाकड्या होत्या, तरी एकमेकींत बरोबर बसल्या. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला, पण माझ्या मनात तेव्हाच शंका उरली नव्हती. प्रश्न एवढाच होता, की वाकस सुताराच्या हातून शेतकऱ्याच्या घरी गेला कसा? विकला असेल, गहाण पडला असेल, सापडला असेल. मेलेल्या माणसाची चौकशी करता येत नाही.

मग मी आणि आमचे एक जुने हवालदार सुताराचं गाव आणि तो कामाला गेला ते शिक्षिकेच्या वडिलांचं गाव, अशी दोन्ही गावं फिरलो. म्हाताऱ्या माणसांना एकच विचारायचं: सुताराला त्या बाईबरोबर कुणी पाहिलं? सगळ्यांना गोष्ट पाठ होती. बाईच्या लुगड्याचा रंगसुद्धा सांगत. पण स्वतः पाहिलेला एकही नव्हता. "मला त्येनं सांगितलं की." त्याच्याकडे जावं, तर तो तिसऱ्याचं नाव घ्यायचा. काही धागे मेलेल्या माणसांपाशी तुटले. जे तुटले नाहीत ते सगळे एकाच घराशी येऊन थांबले: शिक्षिकेचे वडील आणि त्यांचा चुलत भाऊ. त्या दोघांनीच मोडनिंबच्या बाजारातून येऊन पहिल्यांदा गावात सांगितलं होतं.

हा चुलत भाऊ हयात होता. सत्तरी पार केलेला, काठी टेकत चालणारा. त्याला चौकशीला बोलावलं.

माझा अनुभव असा, की गावाकडचा माणूस ठाण्यात येताना दरडावण्याची तयारी करून येतो. आपण दरडावलं, की त्याला हायसं वाटतं. मी चहा मागवला, ज्वारी कशी आहे विचारलं. मग टेबलावर वाकस ठेवला आणि गप्प बसलो.

"जुन्या बाजारातनं आनला आसंल त्यानं," तो आपणहून म्हणाला. मी अजून काहीच विचारलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्याने तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. तेवढ्यात ती शिक्षिका ठाण्यात आली. काकांना बोलावल्याचं तिला कळलं होतं. पाच मिनिटं बोलू द्या, म्हणाली. मी परवानगी दिली, पण खोलीतून हललो नाही. ती त्याच्यासमोर बसली.

"तात्या, मला खरं सांगा. माझ्या बापानं काय केलं?"

"जाऊ दे की पोरी. मानूस गेला, त्याच्यासंगं गेलं सगळं."

"नाही गेलं. मी ते माझ्या घरात दिव्याखाली टांगलं होतं."

म्हाताऱ्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "ती सुताराची बायको हाय का अजून?"

"आहे. नवऱ्याची वाट बघतेय."

यानंतर तो बोलला. बांधाजवळचं कडुनिंबाचं झाड या दोघांनी तोडलं होतं आणि त्याच्या चौकटी करायला सुताराला बोलावलं होतं. झाड शेजाऱ्याच्या हद्दीतलं होतं. शेजाऱ्याने पंचांकडे तक्रार नेली. बुंधा बांधाच्या पलीकडे आहे हे सुताराने पाहिलं होतं. तो म्हणाला, मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. दिवस मावळताना काम आटोपून तो घरी निघाला, तेव्हा ओढ्याजवळ दोघांनी त्याला अडवलं. बोलाचाली झाली. शिक्षिकेच्या वडिलांनी सुताराच्याच पिशवीतला वाकस ओढून त्याच्या डोक्यात घातला.

"मी न्हाय मारलं, साहेब. मी नुस्ते पाय धरले."

"कशाला धरले?"

"हिरीकडं न्यायला."

"तेव्हा तो जिवंत होता?"

"पानी मागत हुता," तो म्हणाला.

मी शिक्षिकेला बाहेर जायला सांगितलं. ती उठली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन बसली. "विचारा, साहेब. मला ऐकायचंय."

"बाकीची हत्यारं कुठं आहेत?"

"त्याच्यासंगंच टाकली."

"मग वाकस का ठेवला?"

"लई चांगला हुता. लोखंड लई भारी. टाकवंना त्याला."

इतकी वर्षं मी नोकरी केली, पण या वाक्यासमोर माझी लेखणी थांबली. ऐकणाऱ्याला वाटतं, खुनी माणूस अशी वस्तू पश्चात्तापाने जपत असेल, दसऱ्याला हात जोडून क्षमा मागत असेल. मुलीलाही तसं वाटायला आवडलं असतं. पण कारण साधं होतं. वस्तू चांगली होती.

रीतसर अटक केली. जागा दाखवायला तो तयार झाला, तेव्हा पंचांसमक्ष निवेदन लिहून घेतलं. विहीर केव्हाच बुजवलेली होती आणि वर ज्वारी उभी होती. नायब तहसीलदारांच्या उपस्थितीत वरची माती जेसीबीने काढली, खालची माणसांनी हाताने. आधी गंजलेलं करवतीचं पातं लागलं, मग लाकूड कोरायची पटाशी, मग हाडं. कवटीला उजव्या बाजूला खोक होती. डीएनए सुताराच्या भावाशी जुळला.

अहवाल आल्यावर मी स्वतः त्या बाईच्या घरी गेलो. पत्र्याचं एका खोलीचं घर, अंगण सारवलेलं. मी पायरीवर बसलो आणि सावकाश सगळं सांगितलं. पाणी मागितल्याचं मात्र सांगितलं नाही. ते कोर्टात तिच्या कानावर पडणार होतं, पण निदान त्या दिवशी नको, असं वाटलं.

ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,

"मंजे ती बाई नव्हतीच?"

"नव्हती, मावशी. कुणी बाई नव्हती. ते घरीच यायला निघाले होते."

"घरी?"

"घरी."

तिने दोनदा मान हलवली. "मंग साहेब, एवढं चावडीवर येऊन सांगा. मी सांगितलं तर खरं धरनार न्हाईत. तुमी वर्दीत या."

असं सांगणं तपासात कुठेच बसत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी गेलो. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली, बायका भिंतीच्या आडोशाला. मी तपासातलं फारसं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, की हा माणूस बायकोला टाकून कुठेही गेला नव्हता. खोटं बोलायला नकार दिला, म्हणून घरी येताना त्याला मारलं. पळून गेल्याची गोष्ट मारणाऱ्यांनीच पसरवली. तिच्या वयाच्या एका बाईने तोंडाला पदर लावला. दोन म्हातारे उठून निघाले, तर पुतण्या म्हणाला, "बसा की. तवा तर लई बोलत हुता."

ती अगदी शेवटी उठली. "झालं," म्हणाली. "आता मला रडायचं हाय." आणि एकटीच घराकडे गेली. तिच्यामागे जायचं धाडस कुणाला झालं नाही.

मुख्य आरोपी मयत असल्याने त्याच्यापुरता विषय संपला होता. चुलत भावाला शिक्षा झाली, अपील पडून असतानाच तो गेला. शिक्षिकेने कोर्टात वाकस ओळखला आणि वडिलांचं नाव स्पष्ट आवाजात घेतलं. त्यानंतर तिच्या भावांनी तिला भाऊबीजेला बोलावणं बंद केलं.

या प्रकरणानंतर माझ्या हद्दीत माणूस बेपत्ता झाल्याची तक्रार आली आणि कुणी म्हणालं, तो पळून गेला असेल, की मी पहिला प्रश्न एकच विचारायचो: हे आधी कुणी सांगितलं? माझ्या हाताखालच्या पोरांनाही तोच विचारायला शिकवलं. खून दोघांनी केला होता. पण त्या बाईला चाळीस वर्षं जे सोसावं लागलं, त्यात दोन गावांतल्या प्रत्येक तोंडाचा हात होता. त्यातल्या एकालाही मी अटक करू शकलो नाही. तसं कलम नाही.