सायकलला पोळ्याचं आवतण

सायकल चालवायला लागलो की सातव्या मिनिटाला माझ्या उजव्या हाताची करंगळी झोपते. आठव्या मिनिटाला तिच्या शेजारचं बोट झोपतं. दहाव्या मिनिटाला मी उतरतो आणि वडापाव खातो.

यातलं वडापावचं घरी माहीत होतं, बोटांचं नव्हतं. कारण ही हायब्रीड सायकल (म्हणजे अर्धी डोंगरावरची, अर्धी रस्त्यावरची आणि आमच्याकडे पूर्णवेळ पॅसेजमधली) मी बायकोशी दोन महिने वाद घालून घेतलेली. नीताचं म्हणणं असं, की आमच्या डोंबिवलीच्या घरात आधीच एक ट्रेडमिल आहे आणि त्याच्यावर टॉवेल वाळतात. "सायकलचं तसं होणार नाही!" असं मी छातीवर हात ठेवून सांगितलेलं. तेव्हा हाताला संवेदना होती.

बिंग फुटलं ते एका रविवारी. फेरी मारून आलो, नीताने चहाचा कप माझ्या हातात दिला, आणि तो मी धरलाय अशी आम्हा दोघांचीही समजूत झाली. सोफ्याचं कव्हर नवीन होतं.

"हात बधीर होतात?" नीताने विचारलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पण चूक माझी नाही गं. मुठी चुकीच्या आहेत. हॅन्डलच्या मुठी!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," नीता म्हणाली आणि कव्हर भिजत घालायला गेली. परत आली ती निकाल घेऊनच. "हे बघा, पोळ्याला दिलीपकडे जेवायला बोलावलंय, कल्याणला. आईही येणारेय गावाहून. आम्ही दोघी रिक्षाने जाऊ, तुम्ही सायकलने या. साडेबाराच्या नैवेद्याला पोचलात, तर सायकल आपली. नाही पोचलात, तर ती तिथेच राहील. दिलीपला हवीच आहे."

दिलीप म्हणजे माझा मेहुणा. रोज पहाटे पाच वाजता उठतो, हा त्याचा स्वभावदोष. माझी सायकल त्याच्याकडे गेली असती तर त्याने ती खरोखर चालवली असती, आणि मग प्रत्येक सणाला मला ते ऐकावं लागलं असतं. नाही, नाही. काय वाट्टेल ते झालं तरी सायकल द्यायची नाही!

माझं ऑफिस ठाण्याला. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सायकलच्या सामानाचं एक दुकान गाठलं. दुकान चालवणारी ताई तिशीतली, हात ग्रीसने काळे, आणि नजर अशी की माणसाचं पोट बघून गिअर सांगेल.

"काका, रोज किती चालवता?"

"वीस-पंचवीस," मी म्हणालो. (किलोमीटर असं मी म्हणालो नव्हतो. ते तिने धरलं.)

"मग गोल मूठ नकोच तुम्हाला. सगळा भार तळहाताच्या कडेला येतो, तिथली नस दबते, म्हणून बोटं झोपतात. ही बघा, हिला मागे असा पसरट पंख आहे. त्याच्यावर तळहात टेकायचा. आणि ही स्क्रूने आवळायची, म्हणजे फिरत नाही."

मी मंडईत वांगी दाबून बघावीत तशी दुकानातली प्रत्येक मूठ दाबून बघितली. ताईने दाखवलेली जरा कडक लागली. कोपऱ्यात एक स्पंजाची होती, पंखवालीच, पण इतकी मऊ की दाबल्यावर आपल्यालाच माया वाटावी!

"ती नका घेऊ काका. तिला स्क्रू नाही, नुसती दांड्यावर चढवायची. फिरते ती."

"फिरू दे. मला मऊच हवी."

"तुमची मर्जी. पण मग बार-एंड तरी घ्या." तिने दोन आखूड, वाकडे दांडे काउंटरवर ठेवले. "हॅन्डलच्या दोन टोकांना लावायचे. शिंगंच म्हणतात सगळे. अधूनमधून मूठ सोडून हे धरायचं. हाताची जागा बदलत राहिली की बधीर होत नाही. सायकल घेऊन या, बसवून देते."

"मी बसवेन की! सायकलवर वाढलेली पिढी आहे आमची."

"बरं. मग दोन गोष्टी. स्क्रू पूर्ण आवळा. आणि हॅन्डल कोरडं करून बसवा, तेलाचा थेंब लागता कामा नये."

मी हसलो. हॅन्डलला तेल लावायला मी काय वेडा आहे?

घरी येऊन जुन्या मुठींवर एक शेवटची फेरी मारली, मग नव्या मुठी चढवल्या, शिंगं बसवली आणि स्क्रू आवळले. पूर्ण आवळले का, ते सांगणं कठीण आहे, कारण ज्या बोटांना ते कळायला हवं ती तेव्हा झोपलेली होती.

दोन दिवसांनी सासूबाई आल्या. त्या नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. सगळं आयुष्य शेतात गेलेलं. लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि पॅसेजमध्ये सायकलसमोर उभ्याच राहिल्या.

"अगं बया! शिंगं!"

"हो, आई. परवाच बसवली."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सायकलच्या हॅन्डलवरून, सीटवरून हळूहळू हात फिरवला. "आपल्या सर्ज्याची अशीच व्हती. आखूड, आत वळल्याली. तुमचे सासरे गेले, ट्रॅक्टर आला, जोडी इकली. आता पोळ्याला मातीचे बैल पुजिते. पर मातीच्या बैलाला हात लावला तर त्यो काय कान हलवितो का, जावईबापू?"

त्यांचे डोळे भरून आलेले. मला खरंच वाईट वाटलं. विषय बदलावा म्हणून मी सायकलची सगळी तांत्रिक माहिती देत सुटलो. मुठीवर बोट ठेवून म्हणालो, "सगळा भार इथे येतो बघा. त्यानेच त्रास होतो."

"भार येतो तिथं मळायला पायजे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या हातांबद्दल बोलतायत. म्हटलं, "अगदी बरोबर!" याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पोळ्याच्या दिवशी अकरा वाजता हेल्मेट-बिल्मेट घालून मी दाराबाहेर आलो, आणि माझी सायकल मला ओळखू येईना! शिंगं गेरूने लालभडक. त्यांच्यावर गणपतीच्या मखरासाठी आणून ठेवलेला चमचमता कागद. हॅन्डलला माळ्यावरच्या घुंगरांची माळ. आणि सीटवर झूल! झूल म्हणजे ऑफिसात पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर घातलेली शाल.

"नीता! हे काय आहे?"

"ओरडू नका," नीता दाराआडून कुजबुजली. "काल तुम्ही ऑफिसात होतात तेव्हापासून आईचं चाललंय. कितीतरी वर्षांनी एवढी खूश दिसतेय ती. काढलंत तर बघा."

तेवढ्यात सासूबाईच बाहेर आल्या आणि माझ्या हेल्मेटला कुंकू लावलं. "साज उतरवू नका हां. काल त्याला आवतण दिलंय म्या. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' आता त्यो आल्याबिगर नैवेद्य न्हाई."

म्हणजे मेहुण्याच्या घरचं जेवणाचं आमंत्रण होतं ते सायकलला. मी आपला सोबत!

निघालो. छुम छुम छुम. बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनने सलाम ठोकला, मला नाही, शिंगांना. ठाकुर्लीपर्यंत मजेत गेलो. लोक बघत होते, मी हात हलवत होतो. मात्र तळहात जरा ओलसर लागत होते. म्हटलं, घाम असेल. पण घामाला पुरणपोळीसारखा वास का येतोय, ते काही कळेना.

पत्री पुलाचा चढ आला. मुठी घट्ट धरून ओढल्या, तर दोन्ही मुठी स्कूटरचा एक्सलरेटर पिळावा तशा गर्रकन फिरल्या! पुन्हा धरल्या, पुन्हा गर्रकन! हात वर करून बघतो तर तळवे पिवळे धमक. हळद! आणि तूप! साजूक, घरचं, गावाहून डबा भरून आणलेलं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात, जिथे वर्षभर जू टेकतं तिथे. आणि भार कुठे येतो ते मीच त्यांना बोटाने दाखवलेलं! आमच्या सासूबाई कामाला पक्क्या. स्पंजाने पाव किलो तरी प्यायलं असेल.

मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, बैल को साइड में लो ना!"

मुठी सोडून मी शिंगं धरली. त्यासाठीच तर ती होती! पण बैलाच्या शिंगांना तेल चोळल्याशिवाय कुणी गेरू लावत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि स्क्रू पूर्ण आवळलेले नव्हते, हेही तेव्हाच कळलं. डावं शिंग वर गेलं, उजवं खाली गेलं, आणि पुलाचा उतार सुरू झाला.

ब्रेक दाबला. बोटं दांड्यावरून सुळकन घसरली. पुन्हा दाबला, अर्धा लागला. घुंगरं अशी वाजत होती की समोरची माणसं आपोआप बाजूला होत होती. मी "सरका! सरका!" ओरडत होतो, पण ते उगाच. पुलाखाली रस्त्याच्या कडेला काकड्या, शिराळी घेऊन एक आगरी मावशी बसलेली. तिच्या डोक्यावरच्या निळ्या ताडपत्रीत माझं डावं शिंग घुसलं, ताडपत्री माझ्या अंगावर आली, आणि आम्ही तिघं, मी, सायकल आणि ताडपत्री, तिच्या रिकाम्या गोण्यांवर अलगद आडवे झालो.

ताडपत्री उचलून मावशीने आधी शिंगं बघितली, मग मला. "अरं दादा, लागलं नाय ना? यो कंचा बैल रं तुजा?"

"सायकल आहे हो, मावशी."

"त्या दिसतंय मना. पोला हाय नं आज!" असं म्हणून ती पोट धरून हसायला लागली. मी ताडपत्री पुन्हा बांधून देत होतो, आणि तुपाच्या हातांनी गाठ काही बसत नव्हती. शेवटी तिनेच बांधली. निघताना एक काकडी झुलीत खोचून म्हणाली, "त्याला दे. तू नको खाव."

आता चालवणं शक्यच नव्हतं. रुमालाने पुसलं, पण दाबेल तिथून स्पंज नवं तूप सोडत होता. साडेबारा तर तिथेच वाजले. मी दोन्ही शिंगं धरली आणि दिलीपच्या खडकपाड्यापर्यंत सायकल ढकलत, चालत निघालो. अख्खी वाट एकच चित्र डोळ्यांपुढे होतं: दिलीप माझ्या सायकलवरून पहाटे पाच वाजता गार वारा खात चाललाय. रडू यायचंच काय ते बाकी होतं.

सव्वा वाजता दिलीपच्या बिल्डिंगखाली पोचलो. सगळे खाली उभे. सासूबाईंच्या हातात ओवाळणीचं ताट, दिलीपच्या हातात सायकलचं नवं कुलूप! "भावोजी, जिन्याखाली जागा करून ठेवलीय," तो म्हणाला.

"चालत आलात!" नीता म्हणाली. "आणि पाऊण तास उशिरा. काय ठरलेलं आपलं?"

मी मान खाली घातली. हळदीचे हात गेरूच्या शर्टाला पुसले. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या.

"कसला उशीर? बैल आल्याबिगर नैवेद्य न्हाई, म्या सांगितलं व्हतं. नैवेद्य झालाय का? न्हाई. मग येळेत आला की त्यो." मग नीताकडे वळल्या. "आन् चालत न्हाई येनार तर काय बसून येनार? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानंवर जू ठिवीत न्हाईत, कामाला जुपीत न्हाईत. शिंगाला धरून, वाजत गाजत आनायचा असतो. शहरात ऱ्हाऊन माझ्या जावयाला जे कळतं, ते माझ्या पोरीला कळंना!"

नीताने माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "परंपरा आहे ती."

दिलीपने कुलूप गुपचूप खिशात घातलं. सासूबाईंनी सायकलच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, हॅन्डलला कुंकू लावलं, ओवाळलं आणि पहिली पुरणपोळी सीटवर ठेवली. मग कितीतरी वेळ नुसता शिंगांवरून हात फिरवत राहिल्या. मी हळूच घंटी वाजवली.

"बघा, कान हलिवला," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

अशी माझी सायकल वाचली. नंतर ठाण्याच्या ताईकडून स्क्रूवाल्या मुठीही आणल्या. ("तूप?" तिने दोनदा विचारलं.) सासूबाई दर आठवड्याला फोन करतात. आधी सायकलची तब्येत विचारतात, मग माझी. त्यांच्या गावी बैलाला वर्षभर काम असतं आणि पोळ्याला एक दिवस सुट्टी. आमच्याकडच्याला पोळ्याला एक दिवस काम असतं. बाकी वर्षभर तो पॅसेजमध्ये उभा असतो, आणि नीता म्हणते की ट्रेडमिलपेक्षा शिंगांवर टॉवेल लवकर वाळतात.