तीन मिनिटंवाली

“वर म्हणजे कोण? नाव सांगा.” आमची ही भर ग्रामसभेत असं विचारायची. सरपंच असो, ग्रामसेवक असो, तालुक्याचा साहेब असो, कुणी “वरून मंजुरी नाही” म्हटलं की हिचा हात वर गेलाच. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. ती बोलायला उठली की पुढचे तंबाखू मळायला लागतात आणि मागचे हसतात. आमच्या गावानं तिचं नाव ‘तीन मिनिटंवाली’ ठेवलं होतं. आता ती गेली, तर तेच लोक माझ्या दारात येऊन म्हणतात, बाई लई धाडसाची व्हती. मला याचा राग येतो. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

मी रेल्वेत गँगमन होतो, मुदखेडच्या लायनीवर. शिक्षण चौथीपर्यंत, तेही रडत. आमच्या बौद्ध वस्तीतून स्मशानाकडं जायला मध्ये नाला लागतो. पावसाळ्यात त्याला कमरेएवढं पाणी असतं. त्यावर पूल पाहिजे, एवढंच हिचं मागणं. ग्रामपंचायत म्हणे रस्ता जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद म्हणे नाला पाटबंधाऱ्याचा. पाटबंधारेवाले म्हणत पूल बांधणं आमचं कामच नाही. आणि सगळे मिळून बोट वर करायचे. वर आभाळ होतं फक्त.

ही तीन मिनिटं आली अमेरिकेतून. आमचा पोरगा इंजिनेर झाला, तिकडं ओहायो नावाच्या राज्यात नोकरीला लागला. नातीच्या वेळेस आम्ही दोघं सहा महिने तिकडं होतो. त्याच्या गल्लीतून शाळेकडं जाताना मध्येच फुटपाथ तुटायचा आणि लेकरं मोटारींना खेटून चालायची. हिनं पोराला विचारलं, “इथं सरपंच कुठं भेटतो?” तो हसला. पण घेऊन गेला. तिथल्या नगरपालिकेच्या बैठकीत कुणीही उठून तीन मिनिटं बोलावं अशी रीतच आहे. पुढं एक दिवा असतो. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे बसा. मी रेल्वेचा माणूस, मला सिग्नल लगेच कळला. हिला कळला नाही. लाल झाला तरी ही आपली मराठीत बोलायलीच. पोरगा घामाघूम होऊन तिचं इंग्रजी करायलेला. मी मागून म्हणतोय, “आगं, सिग्नल पडला, थांब.” ती म्हणाली, “गाडी तुमची थांबते, माझी न्हाई.”

खुर्चीवरच्या गोऱ्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा रस्ता शहराचा नाही, जिल्ह्याचा आहे. अमक्या हापिसात, अमक्या माणसाकडं जा. आम्ही परत येईपर्यंत फुटपाथ काही झाला नाही. मी हिला टोचून बोललो, “काय उजेड पडला तुझ्या दिव्याचा?” ती म्हणाली, “पण त्या बाईनं वर बोट केलं का? माणसाचं नाव सांगितलं. आता पोराला कुणाच्या उंबऱ्यावर बसायचं ते तरी कळलं.”

त्या रात्री पोरानं आम्हाला तिथली राज्यघटना समजावून सांगितली. आधी राज्यं होती, मग राज्यांनी मिळून देश केला. काही कामं देशाला लिहून दिली. जे लिहून दिलं नाही ते राज्यांचं आणि लोकांचं. हे हिला फार पटलं. शेताचे बांध घालावेत तसं आहे म्हणाली, कुणाचा बैल कुठं शिरला ते लगेच दिसतं. पोरगा म्हणाला, “आई, आपल्याकडं उलटं हाय. उरलेलं दिल्लीचं.” हिनं नातीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “मग उरू कामून द्यायचं?”

नंतर तिनं पोरालाच धरलं. “तू इथं मत देतोस का?” तो म्हणाला, अजून नागरिक नाही, कागद अडकलेत, बरीच वर्षं लागतील. कर मात्र भरतो. ती म्हणाली, “म्हणजे तुला इथं बोलता येतं, मत न्हाई. आम्हाला तिकडं मत हाय, बोलता येत न्हाई. दोघांचं मिळून एक अख्खं माणूस व्हतंय बघ.”

गावात आल्यावर पहिल्याच ग्रामसभेत तिनं तीन मिनिटं मागितली. सरपंच म्हणाला, “काकू, हे काय अमेरिका हाय का?” ती म्हणाली, “न्हाई. म्हणून तर तीनच मागायले.” तेव्हापासून तिला ते नाव पडलं. मग पंचायतवाल्यांनी सभा सोयाबीन काढणीत लावायला सुरुवात केली. माणसं येणार नाहीत, कोरम होणार नाही, सभा तहकूब होणार. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, चार टाळक्यांत सगळे ठराव पास. हिला हे कळल्यावर ती तहकूब सभेलाच जायला लागली, वस्तीतल्या बाया घेऊन. “भाकऱ्या काय पळून चालल्यात का? चला,” म्हणायची. दर सभेला तोच पूल, दर सभेला तोच हशा.

घरातही तीच रीत. मी चिडलो, ताट सरकवलं, की ती चुलीपुढून म्हणायची, “बोला. तीन मिनिटं तुमची.” माझा राग मिनिटभरात संपायचा. मग ती म्हणायची, “झालं? आता माझी.” तिची तीन मिनिटं झोपेपर्यंत चालायची.

यंदा भर पावसात तिच्या छातीत कळ आली. नांदेडला पोचेपर्यंत खेळ संपला होता. पोराला येता आलं नाही. आला असता तर परत आत घेतील का, ह्याची खात्री नव्हती. एवढी लिहिलेली घटना, एवढे बांध घातलेले, आणि लेकराला आईच्या मातीला येता येत नाही. त्यानं सगळं फोनवर बघितलं. काय बघितलं? चार जण कमरेएवढ्या पाण्यात, खांद्यावर त्याची आई, आणि मी मागं तिचे पाय धरून, पाण्यानं ओढून नेऊ नये म्हणून. मधोमध खांदा देणाऱ्या पोरांचे पाय सरकले. भंतेजी काठावर थांबले होते, त्यांनी तिथूनच त्रिसरण म्हटलं.

तिसऱ्या दिवशी नाल्याच्या काठावर फ्लेक्स लागला. मध्ये हिचा फोटो, भोवती सरपंच, माजी सरपंच, पुढारी, सगळे हात जोडून हसायलेले. भावपूर्ण श्रद्धांजली. फ्लेक्सला एका दिवसात जागा, बांबू, पैसे, सगळं मिळालं. त्याला कुणाची मंजुरी लागली नाही. मी तो कोयत्यानं उतरवला आणि शेळ्यांच्या छपरावर टाकला. छपर गळत होतं. तिनं हेच केलं असतं.

परवा ग्रामसभा झाली. मी जन्मात सभेत बोललो नव्हतो. तिच्या जागी जाऊन बसलो, बायांच्या पुढं. सरपंच म्हणाला, “आबा, तुम्ही दुःखात आहात, घरी आराम करा.” मी उभा राहिलो आणि पुलाचं विचारलं.

“ठराव वर पाठवलाय आबा.”

“वर म्हणजे कोण? नाव सांग.”

कुणी हसलं नाही. तो कागद चाळायला लागला. मी बोलत राहिलो. पाण्याचं बोललो, पोरांच्या सरकलेल्या पायांचं बोललो, फ्लेक्सचं बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, काही शिव्याही गेल्या असतील. ग्रामसेवकानं घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाला, “आबा, तीन मिनिटं झाली.”

मी म्हणालो, “ती माझी झाली. आता तिची चालू झाली.”

मागच्या बाया उठून उभ्या राहिल्या. मी खाली बसलो नाही.