केनवडच्या ट्रॉलीवर निवडलेली जपानी सुरी

सुरी घेतली गेली आहे. ही बातमी काल संध्याकाळी रिसोडहून रफिकभाईंनी फोनवर दिली, आणि दहा मिनिटांत त्यांच्या मुलानं, फैयाजनं, दोह्याहून डब्याचा फोटो पाठवून तिला दुजोरा दिला. वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेल्यामुळे दोघांनी सांगितल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. आता बसला आहे. सुरी जपानी आहे, उत्तम आहे. फक्त मी निवडायला निघालो होतो ती ही नाही, आणि ती माझीही नाही.

हे कसं घडलं ते सांगतो. वाटेत अकोला ते रिसोड प्रवासाची थोडी उपयोगी माहितीही देतो, म्हणजे ज्यांना सुऱ्यांत रस नाही त्यांचा वेळ अगदीच वाया जाणार नाही.

माझ्याकडे स्वयंपाकाच्या सात सुऱ्या आहेत. घरात माणसं दोन. 'पाहुणे आले की प्रत्येकाच्या हातात एकेक देऊ,' असं बायको, सुनंदा, म्हणते. सातांपैकी एकच जपानी. तिच्या प्रकाराला ग्युतो म्हणतात: लांब पातं, टोकाकडे वर जाणारी धार, सगळ्या कामांना चालणारी. माझी एकवीस सेंटीमीटरची आहे आणि जपानी सुऱ्यांत ती पहिलीतली म्हणायची. मला एकदम वरच्या वर्गातली हवी होती, हातानं घडवलेली.

रफिकभाई रिसोडचे लग्नांतले आचारी. वाशिमला बातमीदार होतो तेव्हापासूनची ओळख. फैयाज दोह्याच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्या हॉटेलला सुऱ्या पुरवणारा व्यापारी प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एक सुरी सवलतीत देतो. फैयाजची यंदाची सुरी त्यानं मला कबूल केली होती. 'काका, रविवारी दुपारी बारापर्यंत सांगा,' असा त्याचा निरोप आला. चोवीस सेंटीमीटरची घ्यावी की सत्तावीसची, एवढाच प्रश्न उरला होता. मी दोन्हींचे नमुने पुठ्ठ्यातून मापानं कापले आणि ओट्याशी उभा राहून हवेत कांदे चिरू लागलो. सुनंदा दारात उभी राहून बघत होती.

"बारीक चिरा," ती म्हणाली.

त्याच दिवशी रफिकभाईंचा फोन आला. "गावंडे भाऊ, तुमची ते जपानी सुरी घेऊन या न इकडे. आपाचं काम हाय. ते माहं ऐकत नाही. तुमी सुरीवाले हा, तुमचं ऐकन."

शनिवारी सकाळी निघालो. अकोल्याहून वाशिमला रेल्वेनं गेलात तर साधारण दोन तासांत पोचता आणि कंबर शाबूत राहते. वाशिमच्या बसस्थानकाबाहेर चहा घेऊन रिसोडची एसटी पकडायची. सव्वा तास धरून चाला, पण बाजार समितीत सोयाबीनची आवक असेल तर रिसोडच्या तोंडाशी ट्रॅक्टरांच्या रांगेत आणखी अर्धा तास जातो. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली रिकामी रानं आणि मधेच पिवळ्या फुलांवर आलेली तूर. बघत बसायला बरं वाटतं.

खरी सुरी टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी होती. पुठ्ठ्याच्या दोघी वर डोकावत होत्या. रिठदला एक गृहस्थ चढले, शेजारी बसले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"हे काय होय भाऊ?"

"सुरीचा नमुना."

"अन् सुरी कुठी हाय?"

"जपानची आहे. अजून घ्यायची आहे."

"मंग हे घेऊन कुठी चालले?"

"रिसोडला. निवडायला."

"रिसोडले सोयाबीन भेटते बाप्पा," ते म्हणाले. मग सत्तावीसची हातात घेऊन त्यांनी समोरच्या सीटवर दोनदा चालवून पाहिली. "लय लांब हाय. घरात भांडन झालं तं महागात पडन." ही प्रवासातली पहिली तज्ज्ञ प्रतिक्रिया. मी चोवीसकडे झुकलो.

रफिकभाईंच्या घरामागे मोठं अंगण आहे. तिथे बिर्याणीच्या मोठाल्या देगा उपड्या घातलेल्या, भिंतीला तीन विळ्या टांगलेल्या. त्या विळ्या शकीलाआपांच्या. आपा म्हणजे रफिकभाईंची थोरली बहीण, वय साठीला टेकलेलं, उंची बेताची, आवाज मात्र तीन गल्ल्यांपर्यंत ऐकू जाईल असा. देगेपाशी भाऊ आणि विळीवर बहीण, अशी तीस वर्षांची वाटणी. बिर्याणीचा कांदा सारख्या जाडीचा असला तरच सारखा तळला जातो, आणि तसा सारखा कांदा आपा पोत्यानं चिरतात. विळी पायाखाली, कांदा दोन्ही हातांत, नजर भलतीकडेच.

पण आता गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे. मागच्या दोन लग्नांत रफिकभाईंनी भाड्याची माणसं बसवली, तर अर्धा कांदा काळा आणि अर्धा कच्चा.

"लोकाईनं माह्या हाताले नाव ठेवलं," रफिकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले. "मी म्हनलं, आपा, उभं राहून काप. तं म्हन्ते, सुरीनं काय कांदा कापते काय कोनी. केनवडचं लग्न हाय पुढच्या रविवारी. तिथं जमलं नाही तं म्हन्ते, घरीच बसते. कायमची. अन् मले तिच्याबिगर देग चढवता येत नाही, हे तिले सांगू नका."

जेवण आपांकडेच झालं: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, सोबत कांदा. तो विळीवरचा होता, कागदासारखा. मग लग्नात लावतात तसं लोखंडी टेबल आलं, त्यावर फळी, फळीवर माझी ग्युतो. मी पोलादाबद्दल बोलू लागलो. धार किती अंशांची, पातं किती कठीण.

"भाऊ, ते पेपरात लिवा," आपा म्हणाल्या. "मले कांदा द्या."

टेबल त्यांच्या छातीपर्यंत येत होतं. कोपर वर उचलून त्यांनी आठ-दहा कांदे चिरले. काप पातळ होते, पण प्रत्येक कांद्याच्या तळाला ते एकमेकांना चिकटून राहत होते. आपांनी एक उचलला, तर तो पंख्यासारखा उघडला. त्यांनी तो फळीवर परत ठेवला.

"नाही जमून राह्यलं," त्या हळूच म्हणाल्या. तो आवाज गल्लीपर्यंत काय, दारापर्यंतही गेला नाही.

मी म्हटलं, सवयीचा प्रश्न आहे. काही सुचलं नाही की आम्ही जाणकार असं म्हणतो. चहा घ्यायला आत गेलो. कप तोंडाला लावतो तोच अंगणातून 'टक्' असा आवाज आला, पाठोपाठ आणखी एक. बाहेर येऊन पाहतो तर रफिकभाई माझ्या सुरीनं सुक्या खोबऱ्याच्या वाट्या फोडत होते. संध्याकाळी गल्लीत बारशाचं जेवण होतं, मसाला भाजायचा होता, आणि समोर धारदार वस्तू पडलेली होती. त्यांचं काही चुकलं असं त्यांना अजूनही वाटत नाही.

सुरी उजेडात धरली. टोकाजवळ तिळाएवढा टवका उडाला होता. कठीण पोलादाचं हेच असतं. ते धार चांगली धरतं, पण कठीण वस्तूवर आपटलं की वाकत नाही, तुटतं. मी टॉवेलानं पातं पुसलं. बहुधा चेहरा बोलला, कारण आपा दिवसभरात पहिल्यांदा हसल्या.

"अगाई! भाऊची जपान खोबऱ्याले भ्याली!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतली चार माणसं माझं सांत्वन करून गेली.

रिसोडला बसस्थानकाजवळ साधे लॉज आहेत. खोली घेण्याआधी पंखा लावून बघा.

रविवारी सकाळी रफिकभाईंना केनवडला चुली कुठे मांडायच्या ते बघायला जायचं होतं. जीप भरली की निघते, तेव्हा वेळ विचारू नये. आपाही आल्या. पुढची सीट त्यांनी धुळीचं कारण देऊन मागितली. गुडघ्यांचा विषय कुणी काढला नाही.

नवरीचे वडील करीमभाई शेतकरी आहेत. घरापुढच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, त्यात लग्नाच्या कांद्याची पोती. मागचा फाळका खाली सोडलेला. रफिकभाई आणि करीमभाई वाऱ्याची दिशा बघत फिरत होते. आपा ट्रॉलीपाशी गेल्या, काठावर तळवा ठेवला, कोपर किती वाकतो ते पाहिलं.

"भाऊ, दोन विटा आना. अन् फळी. अन् ते तुमची भेकड."

विटांवर उभ्या राहून त्यांनी कांदा चिरायला घेतला. आज कोपर खाली होता. मीही आज तोंड बंद ठेवून फक्त हात बघत होतो. सुरी चालवताना आपण ती टोकावर झुलवतो, पुढे-मागे. आपा झुलवतच नव्हत्या. विळीचं पातं जागेवर असतं आणि दोन्ही हातांनी कांदा त्यावर दाबायचा असतो. तीस वर्षांचा तो दाब त्यांनी उलटा केला होता: डावा तळवा पात्याच्या पाठीवर, आणि सरळ खाली. पण ग्युतोची धार गोलाईची. ती मधे टेकते आणि टोकाशी अधांतरी राहते. म्हणून तळाचा पापुद्रा कापलाच जात नव्हता. चूक सवयीची नव्हती, सुरीची होती. खरं तर ती सुरी नेणाऱ्याची होती.

जपान्यांकडे सरळ धारेची सुरी असते. नाकिरी म्हणतात तिला. आखूड, चौकोनी, टोक नसलेली, फक्त भाजीसाठी. माझ्या सातांत ती नाही, कारण ती शेल्फवर उठून दिसत नाही. करीमभाईंनी पेढ्यांचा डबा पुढे केला होता. मी पेढे त्यांच्या हातावर ओतले, झाकणावर नाकिरी आखली, आणि जपानी पोलादानं पुठ्ठा कापला. टवका उडाल्यावर आता काय जपायचं.

आपांनी ती पुठ्ठ्याची नाकिरी फळीवर ठेवली, पाठीवर तळवा टेकला, दाबली. पुठ्ठ्याची धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फळीला टेकली. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा.

"हे बी पुठ्ठाच हाय," त्या म्हणाल्या, "पन हे मले वळखून राह्यलं."

साडेअकरा वाजले होते. मी फैयाजला फोन लावला.

"बोला काका. चोवीस की सत्तावीस?"

"साडेसोळा. नाकिरी. न गंजणाऱ्या पोलादाची, आणि फार कठीण नको."

"काका, पन एकच भेटते. मंग तुमची?"

फोन स्पीकरवर होता. दोष माझ्या वयाचा, कानाला लावून मला नीट ऐकू येत नाही. आपांचा हात पुठ्ठ्यावरच थांबला.

"काहून रे फैयाज? हे सुरी भाऊची होती?"

रफिकभाईंना अचानक चुलीच्या जागेत दोष दिसला आणि ते लांब गेले.

"भाऊ, मले मेहेरबानी नोको."

"मेहेरबानी नाही आपा. माझ्याकडे सात आहेत. घरात माणसं दोन."

"मंग सात कायले लागतात?"

हा प्रश्न सुनंदा वीस वर्षं विचारते आहे. आपांनी विचार केला आणि अटी घातल्या. सुरीचे पैसे त्या देणार. तिला खोबरं, हाड आणि रफिक यांचा स्पर्शही होणार नाही. खोबरं विळीवरच फुटेल. धार लावायला ती रिसोडच्या चाकावर जाणार नाही, मी माझा पाण्याचा दगड घेऊन दर दोन महिन्यांनी यायचं. जेवण त्यांच्याकडे.

घरी परतलो तेव्हा सुनंदानं आधी पिशवीत पाहिलं. टवका बघून म्हणाली, "बरं झालं. आता ही वापरायला काढा." दोन संध्याकाळी दगडावर सुरी घासून मी तो बराच कमी केला आहे. अर्धा तीळ अजून आहे, तो तसाच ठेवावा असं वाटतंय. ज्या सुरीला कधी टवका उडाला नाही तिनं स्वयंपाक पाहिला नाही, असं मी आता इतर सहा जणींना सांगतो.

फैयाज शुक्रवारी नागपूरला उतरेल, शनिवारी रिसोडला पोचेल. रविवारी सकाळी केनवडला ट्रॉली त्याच जागी उभी राहील, विटांसकट. आपांचे पाय दुपारपर्यंत साथ देतील का, याला अजून कुठल्याही सूत्राचा दुजोरा नाही. मात्र कालच्याच फोनवर रफिकभाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. भाड्याची माणसं आपांनी रद्द करायला लावली आहेत. फक्त सोलायला एक माणूस पाहिजे, म्हणाल्या, आणि त्याचं नावही दिलं. तो माणूस शनिवारी अकोल्याहून निघून रविवारी पहिल्या जीपनं केनवडला पोचेल, अशी अपेक्षा आहे.